सहसचिव व्हा म्हणतात, पण व्हावं का?

डॉक्टर, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. एमएस होऊन चार वर्षं झाली, सोलापुरात स्वतःचं छोटं प्रसूतिगृह आहे. आपल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखेतली ज्येष्ठ मंडळी "सहसचिव व्हा" म्हणतायत, आणि तरुण सदस्यांसाठी 'नेतृत्व विकास' असा काही उपक्रमही तुम्हीच आखा म्हणतायत. आजवर तुमच्या वाट्याला सूत्रसंचालन, पाहुण्यांचं स्वागत आणि ग्रुपवर निरोप टाकणं एवढंच आलं. तेव्हा पद घ्यावं का, आणि नेतृत्व असं शिकवून येतं का?

पद घ्या. मात्र होकार देताना एक अट घाला: वर्षभरात एक तरी काम अख्खं माझ्याकडे द्या. लहान असू दे, पण अख्खं. विषय मी ठरवणार, माणसं मी जमवणार, ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च कुणाची परवानगी न घेता मी करणार, आणि शेवटी हिशेब नि अहवाल कार्यकारिणीपुढे मीच ठेवणार. ही अट मान्य होत नसेल तर सहसचिवपद म्हणजे पुढची दोन वर्षं माइक तपासत बसणं.

मी भूलतज्ज्ञ. शहरातली बरीच ऑपरेशन थिएटरं पायाखालची आहेत, शाखेत सचिवपदापासून अध्यक्षपदापर्यंत सगळं करून आता मी बाजूला झालोय. तरुण डॉक्टरांना संघटनेत आणायचे बरेच प्रयोग जवळून पाहिले. बहुतेक एकाच कारणाने फसले: कामाचे तुकडे करून वाटले गेले. एकाने हॉल बघायचा, दुसरीने बॅनर छापून आणायचा, तिसऱ्याने जेवणाचं सांगायचं, आणि वक्ता कोण, प्रायोजक कोण, विषय कोणता हे तीन ज्येष्ठांनी परस्पर ठरवायचं. तुकडा करणाऱ्याला आपल्या निर्णयाचा परिणाम कधी दिसत नाही, कारण निर्णय त्याचा नसतोच. त्यातून चांगला स्वयंसेवक तयार होतो. तोही लागतोच. पण सचिव तयार होत नाही.

सूत्रसंचालनाचं तर वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे तरुण महिला डॉक्टर दिसली की माइक तिच्या हातात, आणि धनादेश पुस्तक कुणा सरांच्या खिशात. कार्यक्रमाच्या फोटोत ती मधोमध असते, कार्यकारिणीच्या ठरावात कुठेच नसते. पुढच्या वेळी कोणी "तुम्ही किती छान बोलता" म्हणालं तर हसून सांगा, "या वर्षी खजिनदारांबरोबर काम करायचंय."

आता शिकवून येतं का, याबद्दल. रविवारी हॉटेलात प्रशिक्षक बोलावून व्यक्तिमत्त्वाचे चार प्रकार आणि रंगीत तक्ते दाखवण्याला माझा विरोध नाही, जेवण बरं असतं. पण त्यातून सोमवारी काही बदलत नाही. वर्गात बसून खरोखर शिकता येतात अशा दोनच गोष्टी मला माहीत आहेत: बैठक चालवणं आणि पत्रकारांशी किंवा चिडलेल्या जमावाशी बोलणं. दोन्हींची तालीम घेता येते, चुकलं तर थांबवून पुन्हा करता येतं. बाकी सगळं कामातून येतं. उपक्रम आखताना हेच प्रमाण ठेवा: वर्षात एक दिवस तालीम, उरलेलं वर्ष काम.

कोणतं काम? तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ आहात, म्हणून एक सुचवतो. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा सराव, आपल्या शहरातल्या छोट्या प्रसूतिगृहांसाठी, त्यांच्याच लेबर रूममध्ये. 2023 साली ई-मोटिव्ह नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या 80 रुग्णालयांत, योनिमार्गे प्रसूत झालेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर ती झाली. नवं औषध त्यात एकही नव्हतं. मोजमापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा पडदा बाईखाली घालून रक्त डोळ्यांच्या अंदाजाने न पाहता मोजलं, आणि गर्भाशयाचा मसाज, गर्भाशय आकुंचन पावायची औषधं, रक्तस्राव आटोक्यात आणणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे एकामागून एक करायचं सोडून एकत्र सुरू केलं. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, या एकत्रित निकषात 60 टक्के घट झाली.

सगळं आपल्या कपाटात असतं, कमी पडते ती व्यवस्था. कोण मोजणार, कोण ओरडून सांगणार, रक्तपेढीला फोन कोण करणार, नातेवाइकांशी दारात कोण बोलणार. रात्री मला भुलीसाठी बोलावलं जातं तेव्हा आत पाऊल टाकताच कळतं की इथे हे ठरलेलं आहे की नाही. जिथे ठरलेलं असतं तिथे डॉक्टर हळू आवाजात नाव घेऊन सांगतात, "संगीता, दुसरी लाइन लाव," आणि संगीता म्हणते, "दुसरी लाइन लावली." जिथे नसतं तिथे "अरे कुणीतरी सलाईन लावा!" असं तिघांच्या मधल्या हवेत सोडलेलं असतं. हेच नेतृत्व. ते तुम्ही लेबर रूममध्ये करता आहात, फक्त त्याला तुम्ही आजवर ते नाव दिलेलं नाही. शाखेत तेच करायचंय, फरक इतकाच की इथे समोरचे तुमच्या पगारावर नाहीत आणि त्यांतले निम्मे तुम्हाला शिकवलेले सर आहेत.

हा सराव दहा-बारा ठिकाणी घ्यायचा म्हटलं तर बघा काय काय करावं लागतं. पडदे आणि औषधांचा खर्च काढायचा. प्रत्येक ठिकाणच्या मालक डॉक्टरांना राजी करायचं, आणि "माझ्याकडे असं काही होत नाही" हे त्यांचं वाक्य न दुखावता ओलांडायचं. सिस्टरांना सुट्टी न देता वेळ काढायचा. पूर्व भागात जाल तर मावशींना तेलुगूत समजावणारं कोणीतरी सोबत लागेल, अक्कलकोटकडे कन्नड. शेवटी कुठे काय कमी आढळलं हे नावं न उघडं करता शाखेपुढे मांडायचं. एवढं एका माणसाने एका वर्षात पार पाडलं तर त्याला वेगळं प्रशिक्षण नको.

हे जड वाटत असेल तर एखादं सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीचं व्याख्यान-सत्र, अख्खं घ्या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणाला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळे श्रोते मिळतीलच. पण गर्दी म्हणजे यश नव्हे. कार्यक्रमानंतर महिनाभराने चार जनरल प्रॅक्टिशनरना फोन करून विचारा, त्या दिवशी ऐकलेलं काही तुमच्या ओपीडीत बदललं का? ही विचारणा आपल्याकडे जवळजवळ कोणी करत नाही.

सीएमईतून एक कौशल्य मात्र झकास शिकायला मिळतं: वेळ संपल्यावर ज्येष्ठ वक्त्याला थांबवणं. ऐन वेळी हे जमत नाही, आधी ठरवावं लागतं. आदल्या दिवशी फोन करायचा, "सर, वीस मिनिटं तुमची, दहा प्रश्नांची. पंधराव्या मिनिटाला मी समोर पिवळं कार्ड धरीन, विसाव्याला उठून उभी राहीन. चालेल ना?" सर "हो हो, चालेल की" म्हणतात. मग तुम्ही उठलात तर तो उद्धटपणा होत नाही, ठरलेलं पाळणं होतं. समोर पंधरा मिनिटं घड्याळ बघणाऱ्या साठ लोकांना तुम्ही उठल्याचा किती आनंद होतो ते बघाच.

बैठकींबद्दल थोडं. कार्यकारिणीत चांगली कल्पना तोंडी मांडली की तिचं कौतुक होतं आणि ती तिथेच विरते. "छान आहे, बघू या." म्हणून एक पान लिहा: काय, का, किती पैसे, कोण, कधीपर्यंत. सचिवांना देऊन विषयपत्रिकेत क्रमांकासह घाला. बैठकीआधी ज्यांचा विरोध असेल असं वाटतं त्यांना प्रत्यक्ष भेटा, ओपीडी संपल्यावर, चहाला. विरोध बहुतेकदा कल्पनेला नसतो, आधी विचारलं नाही याला असतो. आणि सहसचिव म्हणून इतिवृत्त लिहिणं तुमच्याकडे आलं तर नाक मुरडू नका. कंटाळवाणं काम म्हणून सगळे ते टाळतात, आणि सहा महिन्यांनी "तसं ठरलंच नव्हतं" असा वाद होतो तेव्हा जे लिहिलंय तेच ठरलेलं असतं. त्याच रात्री लिहा. ठराव, सूचक, अनुमोदक, जबाबदार व्यक्ती, तारीख. भाषणं लिहायची गरज नाही.

पैशाची बाजू तरुणांना कोणी दाखवत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडच्या बहुतेक शाखा 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. नवी कार्यकारिणी आली की 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. पदग्रहण सोहळ्याचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतात, चेंज रिपोर्ट मात्र राहून जातो. असे दोन-तीन कार्यकाळ साठले की कागदावर जुनेच विश्वस्त राहतात, त्यांतले काही शहर सोडून गेलेले असतात, आणि बँकेत सह्या बदलायला गेलं की गाडी अडते. तुम्ही आल्यावर पहिल्या आठवड्यात शेवटचा मंजूर चेंज रिपोर्ट आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. कोणी भुवया उंचावल्या तर उंचावू द्या.

प्रायोजकांचंही तसंच. वैद्यकीय आचारसंहितेची 2002 ची नियमावली डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी, प्रवास, आदरातिथ्य घ्यायला मनाई करते. ते कलम 2009 साली आलं तेव्हा त्यात डॉक्टरांच्या संघटनांचाही उल्लेख होता, 2016 च्या दुरुस्तीत तो काढला. म्हणजे जे एकट्या डॉक्टरला चालत नाही त्याला संघटनेच्या बाबतीत त्या कलमाचा धाक उरला नाही. मार्च 2024 मध्ये औषध कंपन्यांच्या विपणनासाठी केंद्राची नवी संहिता आली, तिने कंपन्यांवर बंधनं घातली, परदेशातल्या सीएमई बंद केल्या. तरी शाखेच्या सभागृहात कोणाचा स्टॉल लागतो आणि त्याबदल्यात काय द्यावं लागतं हे शेवटी कार्यकारिणीच ठरवते. माझं मत कडक आहे: प्रायोजकाला बाहेर टेबल द्या, विषय आणि वक्ता ठरवण्यात बोट घालू देऊ नका, आणि मिळालेली रक्कम पावतीसकट वार्षिक सभेत वाचून दाखवा. यामुळे एखादा प्रायोजक गेला तर जेवणात एक गोड पदार्थ कमी करा.

तुमच्या कार्यकाळात कुठल्यातरी हॉस्पिटलात राडा होईलच. तेव्हा सगळ्यात जास्त शिकायला मिळतं, आणि सगळ्यात जास्त नुकसानही तेव्हाच होतं. 2010 च्या महाराष्ट्र कायद्यानुसार डॉक्टरांवरचा किंवा रुग्णालयावरचा हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, 50 हजारांपर्यंत दंड, आणि तोडफोडीची दुप्पट भरपाई. पण हा कायदा आपोआप लागत नाही, फिर्यादीत तो नोंदवला जातोय का ते पाहावं लागतं. म्हणून तरुणांचा एक गट आधीच तयार ठेवा. एकाने पोलीस ठाण्यात बसायचं, एकाने त्या डॉक्टरजवळ आणि स्टाफजवळ थांबायचं, एकाने तिथल्या दाखल रुग्णांची सोय लावायची, आणि बोलायचं फक्त एकाने. बोलणाऱ्याने रुग्णाच्या आजाराबद्दल, उपचारांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, मग नातेवाइकांनी काही का सांगितलेलं असेना. "त्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही आहोत. उपचारांची चौकशी नियमाप्रमाणे होईल. हल्ला हा गुन्हा आहे." या तीन वाक्यांपलीकडे पहिल्या दिवशी बोलण्यासारखं काही नसतं. वर म्हटलेली तालीम याचीच घ्या. एकाने पत्रकार व्हायचं, एकाने खवळलेला मामा व्हायचा, आणि सोलापुरी ठसक्यात. हसू येतं, पण उपयोग होतो.

संपाचंही असंच. कोलकात्यात रुग्णालयातच एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली, त्यानंतर 17 ऑगस्ट 2024 ला इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर 24 तास सेवा बंद ठेवल्या, तातडीच्या सेवा चालू ठेवून. हाक देणं दिल्लीचं काम होतं. प्रत्येक गावात प्रश्न वेगळा होता: कळा सुरू झालेल्या बाईने नेमकं कुठे जायचं, हे तिला आदल्या संध्याकाळी कोणी सांगायचं? कुठे सेवा चालू आहे याची यादी शाखेने आधीच काढली का, नेतृत्व त्यात दिसतं. मोर्चात सगळेच असतात.

कोटणीसांचं नाव घेतल्याशिवाय सोलापुरात डॉक्टरांचं भाषण संपत नाही, म्हणून मीही घेतो, पण वेगळ्या कारणाने. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला निघाले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, तुमच्याहून लहान. पाच डॉक्टरांच्या त्या पथकाचे प्रमुख ते नव्हते, डॉ. अटल होते. कोटणीस आधी दुसऱ्याच्या हाताखाली काम करत राहिले, चिनी भाषा शिकले, आणि 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी, बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या त्यागाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. तिशीतल्या परक्या माणसावर कोणीतरी अख्खं रुग्णालय सोपवलं, याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या कार्यकारिणीत चाळिशीच्या आतल्याला सभागृहाचं आरक्षणसुद्धा एकट्याने करू देत नाहीत. आणि भाषेचंही बघा. विडी कामगार बायका ज्यांच्या ओपीडीत येतात अशा किती तरुण डॉक्टरांनी कामापुरती तेलुगू शिकून घेतली आहे?

शहराबाहेरचं एक काम सुचवायचं तर वारी. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात येते, पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. एका मुक्कामाचा एक तंबू तरुण सदस्यांकडे द्या. औषधं फारशी अवघड नाहीत: पायांचे फोड, जुलाब, अंगदुखी, गोळ्या घरी विसरलेले मधुमेही. अवघड आहे ते सरकारी पथक, 108 ची रुग्णवाहिका, दिंडीप्रमुख आणि स्थानिक ग्रामपंचायत यांच्यामध्ये उभं राहून काम करवून घेणं, जिथे तुमचा हुकूम कोणावरच चालत नाही. 'आम्ही तज्ज्ञ' म्हणून गेलेला डॉक्टर तिथे दुपारपर्यंत जमिनीवर येतो.

मार्गदर्शक कोण धरावा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. दोन धरा. एक शाखेच्या आतला, ज्याला फाइली कुठे आहेत हे माहीत आहे. दुसरा आपल्या धंद्याबाहेरचा: एखादी निवृत्त मुख्याध्यापिका, सहकारी बँकेत काम केलेला कोणी. बैठक कशी चालवावी हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आणि निवडणुकीचं पॅनेल बांधणाऱ्यांपासून पहिली दोन वर्षं सुरक्षित अंतरावर राहा. ते तुम्हाला फार प्रेमाने बोलावतील, कारण तरुण महिला उमेदवार पॅनेलला शोभते.

शाखेकडून तुम्ही मागाव्यात अशा दोन गोष्टी आहेत. प्रत्येक समितीला दोन संयोजक, त्यांतला एक पदवीनंतर दहा वर्षांच्या आतला, आणि सही दोघांचीही. दुसरं, बैठकीची वेळ. रात्री साडेनऊला हॉटेलात बैठक ठेवायची आणि "महिला येत नाहीत" म्हणायचं, हे आता पुरे. महिन्यातून एका रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा, वेळेवर सुरू, वेळेवर बंद. ज्यांची डिलिव्हरी सुरू असेल त्यांनी फोनवर जोडायचं. सुरुवातीला ज्येष्ठ कुरकुर करतील, पण शेंगाचटणी-भाकरीचा नाश्ता ठेवला की येतात, हा माझा अनुभव आहे.

पद घेण्याआधी शाखेच्या घटनेची प्रत मागून वाचा. सहसचिवाचे अधिकार कोणत्या कलमात आहेत, खर्चाची मर्यादा किती, कार्यकाळ किती, विशेष सभा बोलवायला किती सदस्यांच्या सह्या लागतात, एवढं त्यात शोधा. प्रत मिळायला वेळ लागेल, कारण ती कुणाकडे आहे हेच आधी शोधावं लागेल. तोवर रक्तस्रावाच्या सरावाचं ते एक पान लिहून काढा आणि पहिल्या तीन प्रसूतिगृहांची नावं ठरवा. त्यांतलं एक तुमचंच असू द्या.